तीन ओळींचा रकाना

रकाना तीन ओळींचा होता आणि त्यात त्याने दोनच शब्द लिहिले. कागद कापणे. लिहून झाल्यावर सवयीप्रमाणे पेन कानामागे खोचलं, आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं, की आपण आणखी काही लिहायचं ठरवलं असतं तरी आपल्याला लिहिता आलं नसतं. रकान्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'जखमी व्यक्तीच्या कामाचे स्वरूप, सविस्तर'. जखमी व्यक्ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर रुमालाखाली ठेवून, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं लागलंय तिकडे पाहत होती. तिच्याशी लग्न होऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तिला चहात साखर किती लागते, ती कुठल्या कुशीवर झोपते, रागावली की भांडी कशी ठेवते, सगळं त्याला ठाऊक होतं. पण सकाळी आठला डबा घेऊन ती जिथे जायची तिथे दिवसभर तिचे हात काय करतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. “एवढंच?” वकीलबाईंनी विचारलं. “नेमकं आहे,” तो म्हणाला. तो मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या मजकुरातले फालतू शब्द काढण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती, आणि दोन शब्दांत काम भागत असताना तिसरा लिहिणाऱ्यांची त्याला मनापासून कीव यायची. वकीलबाईंचा फोन वाजला, आणि बोलता बोलता त्यांनी अर्जाचं पान उलटलं.

वकीलबाई वयाने लहान होत्या, पण बोलायच्या अशा, की समोरच्याची काळजी त्यांनी आधीच तपासून ठेवलेली असावी. “अर्ज भरून ठेवलाय, पण दाखल करण्याआधी हे बघा, तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे कंपनी देतेय ते घ्यायचं, त्यांच्या कागदावर सही करायची आणि विसरून जायचं. चूक तुमचीच, असं त्या कागदावर लिहिलेलं असेल. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. त्यात कंपनीचा हलगर्जीपणा आपण सिद्ध करायचा. मिळालं तर भरपूर मिळतं, पण किती वर्षं जातील ते मला विचारू नका. तिसरी, भरपाई अधिकाऱ्यांकडे हा अर्ज. तिथे कंपनीची चूक दाखवावी लागत नाही. काम करताना लागलं, एवढं पुरतं. कुठल्या बोटाचं किती पेर गेलं, त्याचा तक्ता ठरलेला असतो.”

“मग तिसरीच,” तो म्हणाला.

“थांबा. तिथेही कंपनीला सुटायला एक फट आहे. सुरक्षेची सोय कामगाराने स्वतःच, नियम मोडून, मुद्दाम बंद पाडली, असं त्यांनी दाखवलं तर.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मशीनला दोन बटणं असतात ना? दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही?”

“असतात,” ती म्हणाली. “आणि एक पाचर असते.”

“म्हणजे?”

“लाकडाची, बोटाएवढी. उजव्या बटणात बसवली की ते दाबलेलंच राहतं. मग डाव्या हाताने पातं आणायचं आणि उजवा हात गठ्ठ्यावर ठेवायचा.”

“त्या दिवशी ती कोणी बसवली होती?”

“मीच. रोज मीच बसवते.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“अजून कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तो तिच्या उजव्या बाजूला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. रुमालाच्या टोकातून पट्टी दिसत होती. तर्जनीची दोन पेरं गेली होती आणि मधल्या बोटाचं एक. त्याच्या डोक्यात तो तक्ता घोळत होता. तिच्या बोटांची किंमत कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून, ती जन्माला यायच्याही आधी ठरवून ठेवली होती, आणि तो तक्ता छापण्याआधी त्याच्यासारख्याच कुणीतरी डोळ्यांत तेल घालून तपासलाही असेल. अकरा वर्षांपूर्वी त्याचं प्रकाशन बसलं, चार महिने पगार नव्हता, तेव्हा त्यांचीच पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडिंगच्या कारखान्यात त्यानेच ओळखीतून तिच्यासाठी शब्द टाकला होता. “थोडे दिवस,” तो म्हणाला होता. त्या थोड्या दिवसांची अकरा वर्षं झाली, त्याचा पगार पुन्हा सुरू झाला, घराचे हप्ते फिटले, आणि ती जातच राहिली. कुणी विचारलं तर तो सांगायचा, ती छपाईच्या लाईनमध्ये आहे. हे खोटं नव्हतं, पण ज्या घाईने तो ते सांगायचा त्या घाईची आता त्याला लाज वाटली. कारखान्याच्या फाटकापर्यंत तो दोनदा गेला असेल, एकदा छत्री द्यायला आणि एकदा किल्ली घ्यायला. आतून धपकन काहीतरी पडल्याचा आवाज ठरावीक अंतराने येत होता. तो आवाज कशाचा, हे त्याने विचारलं नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या भुवयांवर कागदाची पांढरी धूळ होती आणि त्याने हसून म्हटलं होतं, “म्हातारी झालीस की.” ती पण हसली होती. ते हसणं आठवून तो बसमध्ये उगाचच खोकला.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. पातं पडतं तेव्हा धपकन आवाज होतो का गं?”

“पात्याचा नाही होत. पातं अगदी गुपचूप येतं. आवाज दाबाचा. आधी दाब बसतो गठ्ठ्यावर, कागद धरायला, मग पातं.” तिने डाव्या हाताने रुमालाचं टोक पट्टीवर ओढलं. “दाब वाजला की मी श्वास धरते. सवय.”

घरी आल्यावर आईने दार उघडलं. त्याच्या आईचं वय ऐंशीच्या घरातलं, कान जड झालेले, जीभ शाबूत. सुनेची बोटं गेल्यापासून स्वयंपाकघराचा ताबा म्हातारीने परत घेतला होता आणि मीठ सढळ झालं होतं. “काय म्हणाल्या वकीलबाई?” तिने विचारलं, आणि त्याने तीन वाटा समजावून सांगायला सुरुवात केली, तर ती मध्येच म्हणाली, “मला नको सांगूस. तिला काय वाटतं ते विचार. तुझ्या हातात पेन आहे म्हणून सगळं तुलाच कळतं होय रे?” त्याने बायकोला घास भरवायला घेतला तेव्हा म्हातारीने त्याचा हात बाजूला केला. “खाऊ दे तिचं तिला.” आणि ती खाऊ लागली, डाव्या हाताने, सावकाश, एक शीतही न सांडता. चौदा दिवसांत तिने डाव्या हाताला खायला शिकवलं होतं, बटणं लावायला शिकवलं होतं. त्याच्या नकळत शिकवलं होतं. तो ऑफिसात बसून दुसऱ्याच्या कादंबरीतल्या नायिकेच्या धैर्यावरचे स्वल्पविराम नीट करत होता, तेव्हा.

मास्तर आले ते रविवारी संध्याकाळी. मास्तर म्हणजे कारखान्याचे मुकादम. उंच, वाकलेले, सदऱ्याच्या खिशात स्टीलची पट्टी. आल्या आल्या त्यांनी सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “कशी आहेस, रेघ?” त्याला वाटलं, ते आणखी कुणाशी बोलतायत. पण तिने मान डोलावली. अकरा वर्षं त्याच्या बायकोला एक दुसरं नाव होतं आणि ते त्याला आज कळत होतं. “रेघ का?” त्याने विचारलं तेव्हा मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने स्वतःच्या घराचा पत्ता विचारला होता. “साहेब, हिचा गठ्ठा पाहिलाय कधी? मशीनला मागे मोजपट्टी आहे. पण कागद मशीनचं ऐकत नाही. दमट हवेत तो फुगतो, गुळगुळीत असला की दाबाखाली सरकतो. पाचशे कागदांतला एक जरी केसभर सरकला तरी पुस्तकाची कड कुरतडल्यासारखी दिसते. ही डोळ्यांनी बघतच नाही. दोन बोटं कोपऱ्यावर ठेवते. त्या बोटांना कळतं कुठला कागद बाहेर आलाय. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. मला नाही कळत. तो उजवा हात मोकळा राहावा म्हणून तर पाचर.” बोलता बोलता ते थांबले, कारण ती टेबलावरचा वर्तमानपत्रांचा ढीग आवरायला लागली होती. तिने तो अंगठ्याने आणि उरलेल्या बोटांनी उचलला, वाकवला, वारा दिला, सोडला आणि टेबलावर ठोकला. ठप्, ठप्, बाजू वळवून पुन्हा ठप्. पट्टी बांधलेला हात, आणि ढिगाच्या चारी कडा सुरीने तासल्यासारख्या. पट्टीवर लाल ठिपका उमटला. “अगं!” तो ओरडला. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

जाण्यापूर्वी मास्तरांनी मूळ गोष्ट काढली. कंपनीने त्यांच्यासमोर एक कागद ठेवला होता. पाचर तिची, तिने घरून आणलेली, मुकादमाने ती कधी पाहिलेली नाही. निवृत्तीला त्यांचे आठ महिने उरले होते. “घरी बायको अंथरुणाला खिळलेली,” ते चपलांकडे पाहत म्हणाले. “करा सही, मास्तर,” ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की त्याचं डोकंच फिरलं. दार लागल्यावर तो तिच्यावर तुटून पडला. “उद्या हातावर तुरी देतील तुला! आणि हा माणूस रडतो काय, सफरचंदं आणतो काय!” ती सफरचंदं ओळीने लावत होती, देठ एका बाजूला करून.

अर्ज दाखल झाला, आणि त्यावर कंपनीचं उत्तर आलं तेव्हा तो ते बारा वेळा वाचून बसला. लाल पेन घेऊन बसला. त्याला त्यात एकोणतीस चुका सापडल्या, दोन ठिकाणी तारखा जुळत नव्हत्या, एका ठिकाणी तिचा उजवा हात डावा झाला होता. त्याला वाटलं, आता पकडलं यांना. सोबत एका फोटोची झेरॉक्स जोडलेली होती. मशीन, मागे भिंत, भिंतीवर पाटी, 'दोन्ही हातांचा वापर करा'. पाटीशेजारी अवजारांची फळी. त्याने पाटीवरची अक्षरं तपासली. ती शुद्ध होती. मग त्याने झेरॉक्स बाजूला सरकवली आणि तिने ती उचलली, एकदा पाहिली आणि उलटी करून ठेवली. तेवढ्यावरून त्याला काही कळलं नाही. कळलं ते दोन दिवसांनी, वकीलबाईंकडे जायच्या आदल्या दिवशी, तिचा चेहरा बघून. एरवी ती असा चेहरा फक्त त्याचा पगार थकला की करायची. “काय आहे त्या फोटोत?” त्याने विचारलं. तिने झेरॉक्स सुलटी केली आणि डाव्या हाताचं बोट फळीवर ठेवलं. फळीवर प्रत्येक अवजाराची जागा रंगवलेली होती. पान्याची पान्याच्या आकाराची, हातोडीची हातोडीच्या आकाराची, म्हणजे काय कमी आहे ते लांबूनही दिसावं. संध्याकाळी सगळे आकार भरल्याशिवाय मास्तर कुणाला घरी सोडत नसत. फोटोत सगळी अवजारं जागेवर होती. फक्त कोपऱ्यात, खिळ्याखाली, बोटाएवढा एक निमुळता आकार रिकामा होता. “पाचरीची जागा,” ती म्हणाली. “पाचर काढून टाकली त्यांनी. जागा पुसायची राहिली.”

तो उठूनच उभा राहिला. एकोणतीस चुका काढणाऱ्याच्या नाकासमोर तिसावी होती, आणि तीच एकटी खरी होती. “मग संपलंच की! पाचर कारखान्याची होती हे इथेच सिद्ध झालं! तू दोन दिवस गप्प कशी?” ती म्हणाली, “ती फळी मास्तरांनी रंगवली आहे. स्वतःच्या हाताने. आपण हे दाखवलं, की कंपनी काखा वर करेल, म्हणेल मुकादमाचा उद्योग. आठ महिने राहिलेत त्यांचे.” “आणि तुझा हात?” “माझा हात माझ्यापाशी आहे. मी जे केलं ते सांगणार. त्यांनी काय केलं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. तुम्ही बोलायचं नाही. वचन द्या.” त्याला तिचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी त्याला असं वाटत होतं, की आपण हिच्यापुढे फार छोटे आहोत. त्याने वचन दिलं. वकीलबाईंसमोरही तो तोंड शिवून बसला.

सुनावणीची खोली एखाद्या शाळेच्या वर्गाएवढी होती. अधिकारी मधे, बाजूला टाईप करणारा कारकून, कंपनीचा वकील, आणि मागच्या बाकावर कंपनीने साक्षीला आणलेले मास्तर, इस्त्रीच्या सदऱ्यात. तिला विचारलं तेव्हा तिने जसं होतं तसं सांगितलं. पाचर मी बसवली. रोज बसवत होते. पाटी वाचता येते मला. त्या दिवशी गुळगुळीत कागद होता, वरचा कागद सरकला, तो मी दोन बोटांनी आत घेतला आणि त्याच वेळी डाव्या हाताने बटण दाबलं गेलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. कंपनीच्या वकिलाने आभार मानल्यासारखी मान लववली आणि अर्जाची प्रत उचलली. “साहेब, कौशल्यासाठी हात मोकळा लागतो असं आता कदाचित सांगतील. पण हे पाहा, त्यांच्याच अर्जात, त्यांच्या यजमानांच्या हस्ताक्षरात, कामाचं स्वरूप. कागद कापणे. बास. दोन बटणं दाबायची, कागद कापायचा. यात पाचरीची गरजच काय? निव्वळ आळस.” कारकुनाची बोटं चालू लागली. सव्वीस वर्षं त्याने लोकांच्या चुका काढल्या होत्या, आणि त्याची स्वतःची एक, दोन शब्दांची, नेमकी, आता कायमची छापली जात होती.

“चूक आहे,” तो म्हणाला. तो उभा होता. “त्या रकान्यात चूक आहे, साहेब. माझी आहे. दुरुस्ती करायची आहे.” वकिलाने हरकत घेतली. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि हरकत थोपवली. “बोला. थोडक्यात.” थोडक्यात बोलणं हाच तर त्याचा धंदा होता आणि आज त्याला ते जमेना. तो दमट कागदाबद्दल बोलला, फुगणाऱ्या, सरकणाऱ्या. गठ्ठ्याला वारा का द्यावा लागतो ते बोलला. दाब वाजल्यावर श्वास धरण्याबद्दल बोलला. दोन बोटांबद्दल, ज्यांना पाचशे कागदांतला एक कळायचा. “साहेब, मी पुस्तकं तपासतो. लोक मला शाबासकी देतात. ही माझ्या पुस्तकांच्या कडा कापत होती आणि मला तिचं काम एका ओळीतही लिहिता आलं नाही. ज्या बोटांनी ती कागद ओळखायची तीच गेली. आळशी माणसाची बोटं पात्याखाली जात नाहीत. कड नीट यावी म्हणून जो धडपडतो त्याची जातात.” फळीबद्दल तो बोलला नाही. जिभेवर होतं, पण नाही बोलला. तिच्याकडे पाहण्याचीही त्याला हिंमत झाली नाही, आणि तो खाली बसला.

मागे बाक करकरला. “साहेब,” मास्तर म्हणाले, “माझा जबाब तुमच्या फायलीत आहे. तो खोटा आहे.” मास्तर पुढे आले, टेबलावरचा मूळ रंगीत फोटो त्यांनी उचलला आणि खिशातल्या स्टीलच्या पट्टीच्या टोकाने कोपरा दाखवला. झेरॉक्समध्ये पांढुरका दिसणारा आकार त्यात ठसठशीत पिवळा होता. “ही पाचरीची जागा. मी रंगवली. पाचर मी घडवली, ही कामावर यायच्या आधी. हिला पहिल्या दिवशी ॲप्रन दिला, पाना दिला आणि ही पाचर दिली. मॅनेजरसाहेब दर महिन्याला फळी तपासून सही करतात, ते रजिस्टर मागवा. पाचरीशिवाय रोजचे गठ्ठे पुरे होत नाहीत, हे त्यांना माझ्याआधी माहीत.” कंपनीचा वकील उठला, बसला, पुन्हा उठला. अधिकाऱ्यांनी रजिस्टर मागवायला सांगितलं आणि कारकुनाला म्हणाले, जी पाचर कंपनीने स्वतःच भिंतीवर टांगून ठेवली होती, ती वापरून सुरक्षेची सोय बंद पाडल्याचा दोष हिच्यावर टाकता येणार नाही, हे लिहून घ्या. मग म्हणाले, कामाचं स्वरूप यांनी आत्ता जे सांगितलं ते सगळं घाला. कारकून म्हणाला, रकाना तीनच ओळींचा आहे. “मग पान जोडा,” अधिकारी म्हणाले.

बाहेर जिन्यात ती मास्तरांसमोर उभी राहिली. “काय गरज होती, मास्तर? आठ महिने होते.” मास्तरांनी पट्टी पुसून खिशात ठेवली. “रात्रंदिवस तो फोटो डोळ्यांसमोर होता गं. फळीवर एक जागा रिकामी, आणि मी घरी निघालोय. असं मी कधी केलंय का?” एवढं बोलून ते जिना उतरू लागले, कठड्याला धरून. ती त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिली आणि त्याला तेव्हा असं वाटलं, की या दोघांचा जो काही धर्म आहे त्यात आपल्याला आज कुठेतरी मागच्या बाकावर जागा मिळाली.

घरी आल्यावर आईने चहा केला आणि वाट्टेल तेवढी साखर घातली. अपंगत्वाचे टक्के किती ठरतील, ते पुढच्या तारखेला कळायचं होतं. तो कपाटासमोर उभा राहिला. त्याने तपासलेली पुस्तकं तिथे ओळीने होती. त्यातलं एक त्याने काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न उघडता हातात धरलं. बंद पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत, सलग, पानं वेगवेगळी आहेत हे अंगठ्याला समजत नव्हतं. “हे तू कापलंस?” त्याने विचारलं. तिने मान वर केली. “माझंच आहे. चार वर्षं झाली.” मग चहाचा घोट घेऊन, अगदी सहज, ती म्हणाली, “त्यात तीन चुका राहिल्यात तुमच्या.”

“कुठे?”

“अठ्ठेचाळिसाव्या पानावर एक, शंभरच्या पुढे दोन. गठ्ठा लावताना वाचायची मी. तुमचं म्हणून.”

“आणि चार वर्षं बोलली नाहीस?”

“छापून झालं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला उगाच लागलं असतं.”

त्याने अठ्ठेचाळिसावं पान उघडलं. चूक होती.